विश्लेषण : सरावाचं लढाऊ विमान कोसळतं, तेव्हा अहवालातली ‘मानवी चूक’ म्हणजे नेमकं काय?

‘नियमित प्रशिक्षण उड्डाणादरम्यान लढाऊ विमान कोसळलं. वैमानिकाचा मृत्यू. कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे आदेश.’ ही बातमी तुम्ही मोबाइलवर किती तरी वेळा वाचली असेल. विमान कोणतं, गाव कोणतं एवढंच बदलतं. डेस्कवर आम्हीही हवाई दलाचं दोन ओळींचं निवेदन आलं की पहिली कॉपी साधारण अशीच लावतो. त्या चौकशीचं पुढे काय झालं याची बातमी मात्र क्वचित येते. आली तर बहुतेक वेळा त्यात दोनच शब्द असतात : मानवी चूक.

या दोन शब्दांत काय मावतं आणि काय बाहेर राहतं? पुण्याशी नातं असलेल्या दोन अपघातांच्या आधारे ते पाहू. पहिला २००१ मधला, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांच्या मिग-२१ विमानाचा. दुसरा २००९ मधला, लोहगावहून उडालेल्या सुखोईचा.

आधी एक गैरसमज

‘प्रशिक्षण उड्डाण’ म्हटलं की शिकाऊ मुलगा आणि शेजारी मास्तर असं चित्र डोळ्यांसमोर येतं. हवाई दलात त्याचा अर्थ तेवढाच नाही. शांततेच्या काळात लढाऊ वैमानिक जे उड्डाण करतो ते जवळजवळ सगळं सरावच असतं. रात्रीचं उड्डाण, कमी उंचीवरचं उड्डाण, दोन विमानांची लुटुपुटूची लढाई, बॉम्बफेकीचा सराव, सगळं त्यात आलं. पंधरा-वीस वर्षं विमान चालवलेला विंग कमांडरही ‘ट्रेनिंग सॉर्टी’वरच असतो.

२८ जानेवारी २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या मोरेनाजवळ सुखोई-३० आणि मिराज-२००० या विमानांचा अपघात झाला. दोन्ही विमानं ग्वाल्हेरहून सरावासाठीच उडाली होती. त्यात मिराजचे वैमानिक, बेळगावचे विंग कमांडर हनुमंतराव सारथी यांचा मृत्यू झाला. २६ नोव्हेंबर २०२० रोजी गोव्याजवळ अरबी समुद्रात नौदलाचं मिग-२९ के कोसळलं. त्यात शिकणारा वैमानिक वाचला आणि कमांडर निशांत सिंह बेपत्ता झाले. त्यांचा मृतदेह अकरा दिवसांनी समुद्रतळाशी सापडला. थोडक्यात, ‘प्रशिक्षण’ हा शब्द वाचून वैमानिक कच्चा होता असा निष्कर्ष काढू नका.

सुरतगडला काय झालं?

१७ सप्टेंबर २००१. राजस्थानातल्या सुरतगड तळावरून अभिजित गाडगीळ यांनी मिग-२१ घेऊन रात्रीच्या सरावासाठी उड्डाण केलं. उड्डाणानंतर अगदी थोड्याच वेळात विमान कोसळलं. अभिजित यांचा मृत्यू झाला.

हवाई दलाच्या चौकशीने कारण दिलं ते ‘डिसओरिएंटेशन’, म्हणजे वैमानिकाला दिशा आणि तोल यांचं भान राहिलं नाही. सोप्या भाषेत, दोष वैमानिकाचा. त्यांची आई कविता गाडगीळ आणि स्वतः वैमानिक असलेले वडील अनिल गाडगीळ यांनी हे मान्य केलं नाही. मुलगा गेल्याचं दुःख होतंच. तो ‘स्वतःच्या चुकीने गेला’ हा शिक्का त्यांना पटत नव्हता. हवाई दलाच्या अहवालाला घरच्यांनी जाहीरपणे प्रश्न विचारायचे, हे तेव्हा फारसं कुणी करत नसे. कविता गाडगीळ यांनी ते वर्षानुवर्षं केलं.

दिशाभ्रम : डोळे मिटून एसटीत बसा

‘डिसओरिएंटेशन’ हा शब्द बेफिकिरीसारखा ऐकू येतो. प्रत्यक्षात तो शरीराचा धर्म आहे आणि कुशलातल्या कुशल वैमानिकालाही चुकत नाही. म्हणून हा भाग जरा सविस्तर.

आपला तोल तीन गोष्टींवर चालतो : डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांध्यांकडून येणारी जाणीव. अंतर्कर्णात अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या वळणं ओळखतात. शिवाय चुनखडीच्या बारीक कणांचा एक थर असतो, तो ‘खाली’ कुठे आहे हे सांगतो. जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यासाठी ही यंत्रणा उत्तम आहे. पण तिच्यात एक मूलभूत मर्यादा आहे. गुरुत्वाकर्षण आणि वेग वाढल्यामुळे मिळणारा रेटा यांतला फरक तिला कळत नाही.

एक्स्प्रेस वेवर गाडीने एकदम वेग घेतला की तुम्ही सीटमध्ये मागे दाबले जाता. डोळे उघडे असतील तर मेंदू म्हणतो, ‘गाडी पळतेय.’ डोळे मिटून पाहा. थोड्या वेळाने गाडीचं नाक वर उचलल्यासारखं, चढणीला लागल्यासारखं वाटतं. गाडीत हा परिणाम किरकोळ असतो. आफ्टरबर्नर लावून उडणाऱ्या लढाऊ विमानात तो किरकोळ राहत नाही. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित आहे : विमानाचा पुढचा त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा धरा. दोन्ही बलांची बेरीज सुमारे २७ अंश मागे झुकते. म्हणजे विमान खरोखर जेवढं चढतंय त्यापेक्षा ते बरंच जास्त नाक वर करून चढतंय, असं वैमानिकाला वाटू शकतं.

दिवसा क्षितिज दिसतं आणि भ्रम तिथेच मोडतो. रात्री, वाळवंटात, धावपट्टीचे दिवे मागे गेले की पुढे फक्त काळोख. वर चांदण्या, खाली एखाद्या ढाणीतला दिवा. कोणतं आकाश आणि कोणती जमीन हे कळायला मार्ग नाही. नाक फार वर गेलंय असं वाटून वैमानिक काठी थोडी पुढे ढकलतो. तसं केल्याने भ्रम कमी होण्याऐवजी वाढतो, कारण विमान खाली झुकून आणखी वेग घेतं.

यासाठी वेळ किती मिळतो? विमानाचा वेग ताशी ४५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १२५ मीटर. नाक १० अंश खाली गेलं तर ते सेकंदाला साधारण २२ मीटर खाली येतं. उंची १५० मीटर असेल तर जमीन गाठायला जेमतेम सात सेकंद. त्यातले दोन-तीन सेकंद काही तरी बिनसलंय हे कळण्यातच जातात. इजेक्शनचं हँडल ओढायचं तर ते उरलेल्या वेळात.

यावर एकच इलाज : शरीर काय सांगतंय ते बाजूला ठेवून कॉकपिटमधल्या उपकरणांवर विश्वास ठेवणं. हवाई दल हे शिकवतं. बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमध्ये हा भ्रम मुद्दाम निर्माण करून दाखवणारा सिम्युलेटरही आहे. सुरतगडला त्या रात्री नेमकं हेच झालं, असं इथे म्हणायचं नाही. चौकशीने वापरलेल्या शब्दामागचं शास्त्र काय, एवढंच हे आहे.

मग आक्षेप कशाला?

कारण ‘दिशाभ्रम झाला’ हे उत्तराचं शेवटचं पान आहे. आधीची पानं अशी : उपकरणं बरोबर दाखवत होती का? कॉकपिटमधली प्रकाशयोजना कशी होती? वैमानिकाला रात्रीच्या उड्डाणाचे किती तास मिळाले होते, किती दिवसांनी तो रात्री उडत होता? ज्या विमानात त्याला बसवलं ते चुकीला किती जागा देणारं होतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मिग-२१ हे ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाण्यासाठी केलेलं विमान. त्रिकोणी छोटे पंख, एकच इंजिन, कॉकपिटमधून पुढचं आणि खालचं दृश्य मर्यादित. उतरताना वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर. १९६३ मध्ये ते भारतात आलं तेव्हा शत्रूची उंचावरची विमानं अडवणं हे त्याचं काम होतं. पुढे त्याच्याकडून सगळंच करून घेतलं गेलं. आपल्या नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तोच मुळी मिगसाठी. अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला या विमानाला निरोप देण्यात आला. ६२ वर्षं एखादं लढाऊ विमान सेवेत राहतं याला कौतुक म्हणायचं की नाइलाज, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तरी दुसरं वाटतं.

त्याहून गंभीर मुद्दा प्रशिक्षणाचा. त्या काळी नवा वैमानिक किरण या संथ जेट विमानावर शिकायचा आणि तिथून थेट मिग-२१ वर जायचा. मधली पायरीच नव्हती. किरण ध्वनीच्या वेगाच्या आत राहणारं, मिग त्याच्या दुप्पट वेगाचं. स्कूटी शिकलेल्याला लगेच रेसिंग बाइक द्यावी तसं.

ही पायरी हवी, हे कुणाला सुचलं नव्हतं असंही नाही. एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीने १९८२ मध्येच प्रगत जेट प्रशिक्षक विमान घ्या, असं सांगितलं होतं. १९९७ मध्ये लढाऊ विमानांच्या अपघातांवर आणखी एक समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. ब्रिटिश बनावटीच्या ६६ ‘हॉक’ विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये. ती बिदरच्या तळावर दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. शिफारस ते विमान, २६ वर्षं. या २६ वर्षांत जे अपघात झाले त्यांतल्या अनेकांत वैमानिकाच्या नावापुढे कारण लिहिलं गेलं. फायली कुणी अडवल्या, किमतीवर कोण घुटमळलं, हे अपघाताच्या कारणात कधी येत नाही.

२०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं की घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली. १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. कारणं दोन दिली : मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड.

लोहगावचं सुखोई आणि पाठीमागचे स्विच

आता नवं, दोन इंजिनांचं, संगणकाने चालणारं विमान घेऊ. सुखोई-३० एमकेआय २००२ मध्ये लोहगावलाच हवाई दलात दाखल झालं. तुम्ही पुणे विमानतळावर सामान घेऊन उभे असताना छातीत धडधड करणारा जो आवाज येतो, तो याचाच.

३० एप्रिल २००९ रोजी लोहगावहून सरावाला गेलेलं एक सुखोई राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात कोसळलं. भारतातला सुखोईचा हा पहिलाच अपघात. दोघंही वैमानिक अनुभवी, विंग कमांडर हुद्द्याचे. दोघंही बाहेर पडले. विंग कमांडर मुंजे वाचले, विंग कमांडर पी. एस. नारा वाचू शकले नाहीत. देशभरातली सुखोई काही काळ जमिनीवर ठेवण्यात आली.

पहिला संशय ‘फ्लाय-बाय-वायर’वर गेला. जुन्या विमानात काठी आणि पंखांचे भाग तारा-दांड्यांनी जोडलेले असत. सुखोईत वैमानिकाची हालचाल संगणकाकडे जाते आणि संगणक पंख हलवतो. हे विमान मुळातच अस्थिर रचनेचं आहे, म्हणून ते हवेत कोलांट्या मारू शकतं. संगणक गप्प झाला तर माणसाला ते सावरता येत नाही.

पुढे समोर आलेल्या माहितीनुसार, काही महत्त्वाचे स्विच वैमानिकाच्या पाठीमागच्या बाजूला, नजरेच्या टप्प्याबाहेर होते आणि ते अनवधानाने बंद झाल्याची शक्यता पुढे आली.

आता सांगा, ही मानवी चूक की रचनेची? स्विचला हात माणसाचा लागला, म्हणून रकाना भरायला ‘मानवी’ पुरेसं आहे. पण उड्डाणाचं नियंत्रण तोडणारा स्विच दिसणार नाही अशा जागी ठेवणारा अभियंताही माणूसच. डिझाइनच्या वर्गात आम्हाला शिकवलेली पहिली गोष्ट ही, की वापरणारा कधी तरी चुकीचं बटण दाबणारच. तेव्हा ते दाबलं जाणार नाही किंवा दाबलं तरी नुकसान होणार नाही अशी सोय करा. सुरक्षाशास्त्रात जेम्स रीझन यांनी मांडलेली कल्पना प्रसिद्ध आहे. एकामागे एक धरलेल्या चकत्या, प्रत्येकीला कुठे ना कुठे भोक. एरवी भोकं एका ओळीत येत नाहीत. ज्या दिवशी येतात त्या दिवशी अपघात होतो. वैमानिक ही शेवटची चकती. दिसते तीच, म्हणून नाव तिचं.

याच कथेचा पुढचा भाग तर पुण्याच्या वेशीवर घडला. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी लोहगावला उतरायच्या तयारीत असलेलं सुखोई थेऊर परिसरात पडलं. दोन्ही वैमानिक सुखरूप. त्यांतले एक पुन्हा विंग कमांडर मुंजे. पाच वर्षांत दोनदा आसनासकट बाहेर फेकलं जाऊनही वाचलेला माणूस. हवाई दलाच्या प्राथमिक तपासात इजेक्शन सीट आपोआप सुटल्या असं समोर आलं. रशियन बाजूला हे मान्य नव्हतं, हँडल ओढल्याशिवाय सीट सुटत नाही असा तिकडचा सूर होता. पुन्हा तोच वाद : यंत्र की माणूस? या वेळी सांगायला माणसं जिवंत होती, एवढाच फरक. आणि तो फार मोठा फरक आहे.

चौकशी करतं कोण?

लष्करी विमान पडलं की हवाई दलच कोर्ट ऑफ इन्क्वायरी नेमतं. नावात ‘कोर्ट’ असलं तरी हे न्यायालय नाही, अधिकाऱ्यांची समिती असते. ढिगारा गोळा करणं, फ्लाइट डेटा रेकॉर्डर वाचणं, नियंत्रण कक्षाचे संवाद, देखभालीच्या नोंदी, साक्षी हे सगळं ती करते. तांत्रिकदृष्ट्या हे काम कसोशीचं असतं. पण विमान हवाई दलाचं, देखभाल हवाई दलाची, प्रशिक्षण हवाई दलाचं आणि तपासही हवाई दलाचाच. अहवाल जाहीर होत नाही.

नागरी विमानाचं तसं नसतं. जून २०२५ मध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं. एअरक्राफ्ट अ‍ॅक्सिडेंट इन्व्हेस्टिगेशन ब्युरोने महिनाभरात प्राथमिक अहवाल सगळ्यांसाठी खुला केला. त्यावर वाद झाले, पण वाद घालायला कागद तरी होता.

लष्करी अहवालात शस्त्रं, रडार, डावपेच यांची माहिती असते, ती उघड करता येणार नाही हे बरोबरच. साक्ष देणारा वैमानिक मोकळेपणाने बोलावा म्हणूनही गोपनीयता लागते. पण मृत वैमानिकाच्या आईवडिलांना कारणांचा भाग समजावून सांगण्यात देशाची सुरक्षा कशी धोक्यात येते, हे कळत नाही. गाडगीळ कुटुंबाचा झगडा बराचसा इथेच होता.

डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीचा अहवाल आला. त्यानुसार २०१७ ते २०२२ या काळात हवाई दलाचे ३४ अपघात झाले, त्यांतल्या १९ अपघातांचं कारण वैमानिकांची मानवी चूक. तक्त्यात अपघाताची तारीख, विमान आणि कारणाचा रकाना आहे. त्या रकान्यात दोन-तीन शब्द बसतात.

गाडगीळ दाम्पत्याने पुढे काय केलं?

‘अभिजित एअर सेफ्टी फाउंडेशन’च्या नावाने त्यांनी हवाई सुरक्षेचा प्रश्न लावून धरला. २००६ मध्ये ‘रंग दे बसंती’ आला. त्यात मिगच्या अपघातात मेलेल्या वैमानिकावर सरकार ठपका ठेवतं आणि त्याची आई रस्त्यावर उतरते. प्रदर्शनाआधी तेव्हाचे संरक्षणमंत्री प्रणब मुखर्जी यांना तो दाखवावा लागला होता. दिग्दर्शकाने अभिजित यांच्या आयुष्याशी थेट संबंध नाकारला, कविता गाडगीळ यांना मात्र तो आपल्या मुलाच्या कहाणीवर बेतलेला वाटला.

चित्रपटात मंत्र्यावर गोळी झाडली जाते. खऱ्या आयुष्यात या दाम्पत्याने पुण्यात ‘जीत एअरोस्पेस इन्स्टिट्यूट’ सुरू केली आणि सिम्युलेटर उभारून मुलांना उड्डाणाचं शिक्षण द्यायला घेतलं. वैमानिक व्हायचं स्वप्न असलेली मुलं तिथे जमिनीवर बसून, जीव धोक्यात न घालता, चुका करायला शिकू लागली.

तुमच्या गावाजवळ विमान पडलं तर?

लोहगावच्या भोवतालच्या गावांसाठी हा प्रश्न काल्पनिक नाही. थेऊरच्या आधी १३ डिसेंबर २०११ रोजी वाडेबोल्हाईला सुखोई पडलं होतं. नाशिक जिल्ह्यात जून २०१८ मध्ये पिंपळगाव बसवंतजवळ आणि जून २०२४ मध्ये निफाड तालुक्यातल्या शिरसगावला पडलं. या चारही वेळा वैमानिक वाचले आणि त्यांच्यापर्यंत पहिल्यांदा पोहोचले ते शेतातले लोक.

पॅराशूटने उतरलेल्या वैमानिकाला उठवून बसवू नका. आसन रॉकेटच्या जोराने सुटतं तेव्हा पाठीच्या मणक्यांवर प्रचंड दाब येतो. दुखापत दिसत नसली तरी असू शकते. त्याला आहे तसं पडू द्या, सावली करा, ११२ ला फोन करा. मोकळं पडलेलं आसन किंवा कॉकपिटची काच यांना हात लावू नका, त्यांत न फुटलेली स्फोटकं राहिलेली असू शकतात. जळणाऱ्या अवशेषांच्या वाऱ्याच्या दिशेला उभं राहू नका, विमानाच्या काही भागांतले जळालेले तंतू फुप्फुसांना घातक असतात.

आणि तुकडा आठवण म्हणून घरी नेऊ नका. हातभर लांबीची वाकडी पत्री तुम्हाला भंगार वाटेल. चौकशी समितीसाठी मात्र ती कदाचित यंत्र की माणूस या प्रश्नाचं उत्तर असते.